काकू कमरेतून वाकल्या

टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनाजवळच्या ज्या दुकानात मी कॉलेज सांभाळून काम करतो, तिथे एक काकू झेरॉक्स काढायला येतात. आधी त्या जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात होत्या. प्रत निघाली की तिच्या कडा डब्याच्या झाकणासारख्या दाबून जुळवतात.

कारखाना बंद पडला. नोकरी सुटल्याचे कागद न देताच मालक निघून गेला, म्हणून अकरा बायकांचा बेकारभत्ता अडकला. त्यांनी टोकियोच्या विधानसभेसाठी अर्ज लिहिला. पण एखाद्या आमदाराच्या सहीशिवाय तो तिथे घेत नाहीत.

"तूही सही कर की रे," काकू म्हणाल्या होत्या. मी व्हिसाचं कारण सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला सगळ्याचीच भीती वाटते.

"बरं, राहू दे. अभ्यास कर."

सोमवारी सकाळी आमच्या भागातले आमदार नेहमीसारखे स्टेशनसमोर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून नमस्कार करत होते. काकू दोन्ही हातांत अर्ज धरून त्यांच्यासमोर कमरेतून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. समोरचा वाकलेला असताना आपण आधी ताठ होणं इथे बरं दिसत नाही. आमदारही वाकून राहिले. लोक थांबून पाहू लागले. शेवटी आमदारांनी वाकलेल्या अवस्थेतच हात पुढे करून अर्ज घेतला.

काकू कंबर धरून दुकानात आल्या. "वाचतो म्हणाला. म्हटलं, वाचा, उद्या सहीला येते."

मी पेन काढलं आणि त्यांच्याकडच्या प्रतीवर अकरा नावांखाली माझं लिहिलं. काकूंनी ते दोनदा वाचलं.

"हं. आता याच्या प्रती काढ."