गजावरची लाल रेघ

केमो संपली तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. इथे आयर्लंडमध्ये टॅलाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी केलं, ऑफिसातल्यांनी केक कापून केलं, पुण्याहून भावाने फोनवर केलं. आतड्यातला कॅन्सर गेला होता, स्कॅन स्वच्छ होता. मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. आनंद तर नाहीच, साधं हायसंही वाटत नव्हतं. बायको गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली, आणि मी पार्किंगच्या मशीनला कार्ड चालतं का ते बघत होतो.

औषधाने जाताना एक आठवण मागे ठेवली होती. हातापायांची बोटं बधिर झाली होती. शर्टाचं बटण बघत बघत लावायचं, की-बोर्डकडे डोळे लावून टाइप करायचं. एकदा मी तापलेला तवा सरळ हाताने उचलला आणि बायको किंचाळली तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाल्या, नसा हळूहळू परत येतील, किंवा येणारही नाहीत, आणि थंडीत त्रास जास्त होईल. आयर्लंडमध्ये थंडीत म्हणजे बारा महिने, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता बंदुकीचं. घरात उंदीर निघाला तर शेजाऱ्यांना हाक मारणाऱ्या घराण्यातला मी. पण नावन गावात घर घेतलं आणि शेजारी मिळाला तो नेमबाज. निवृत्त हेडमास्तर, बायको गेलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. एका रविवारी तो मला क्लबच्या रेंजवर घेऊन गेला आणि त्याने माझ्या हातात ठासणीची रायफल दिली. कोकणात रानडुकरांसाठी असायची तसलीच, फक्त नवी आणि नेमकी. नळीच्या तोंडातून आधी मापून बारूद ओतायची, मग गोळी ठेवायची, मग लांब गजाने ती खालपर्यंत ठासायची, मागे ठिणगी पाडणारी केप लावायची आणि मग कुठे एक बार. आठवडाभर ऑफिसात सगळं कालच पाहिजे असायचं. इथे एका बारासाठी चार मिनिटं जायची आणि कोणी काही म्हणायचं नाही. लायसन्स काढलं, गार्डा, म्हणजे इथला पोलीस, घरी येऊन बंदुकीची तिजोरी बघून गेला, बायकोने आठवडाभर अबोला धरला, आणि मी दर रविवारी जायला लागलो.

आजारपणानंतर परत गेलो तर गोळी आत जाईना. आमच्या गोळ्या नळीपेक्षा थोड्या बारीक, आणि त्यांच्याभोवती प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टण. त्याला सॅबो म्हणतात. बायको त्याला गोळीचा परकर म्हणते. हा परकर नळीत घट्ट बसतो, त्यामुळे गजावर चांगला जोर द्यावा लागतो, आणि माझ्या हातांना गजच धरवत नव्हता. दोन रविवार शेजाऱ्याने माझ्या गोळ्या ठासून दिल्या. कोणी तरी घास भरवावा तसं झालं ते. शिवाय क्लबचा नियम होता की ठासणीची बंदूक ज्याची, त्यानेच ती भरायची. शेजारी रेंजचा प्रमुख, म्हणजे नियम मोडणारा आणि मोडू न देणारा तोच. शेवटी त्याने सरळ सांगितलं, की बिनसॅबोच्या गोळ्या करून बघू. त्या पूर्ण जाडीच्या असतात, पण नळीत अलगद सरकतात आणि बार झाला की बूड फुगून नळीला धरतात. जोर लागत नाही. त्याही तुला जमल्या नाहीत, तर ही बंदूक सोडावी लागेल.

मी ठीक आहे म्हणालो. आजारपणाआधीच्या आयुष्यातली हीच एक गोष्ट मला टिकवायची होती. का, ते सांगता आलं नसतं, कारण तिथे जाऊनही मला मजा येत नव्हती.

नव्या गोळीला एक गोष्ट जास्तीची लागते. परकर नाही म्हटल्यावर तिला वंगण चोपडावं लागतं. शेजारी बुटाच्या पॉलिशच्या डबीत पिवळं काहीतरी घेऊन आमच्या दारात आला. बायकोने विचारलं, यात काय आहे. मधमाशीचं मेण आणि मेंढीची चरबी, तो म्हणाला. बायको घरी डबे करते, नावनमधली अर्धी मराठी बिऱ्हाडं सणासुदीला तिच्याकडून पुरणपोळ्या नेतात. चरबीचे हात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही, असं तिने मला मराठीत सुनावलं आणि शेजाऱ्याला इंग्रजीत चहा विचारला. मी त्याला म्हणालो, काडतुसाच्या चरबीवरून आमचा अख्खा देश एकदा पेटला होता, जरा जपून. त्याला इंग्रजांविरुद्धचं काहीही आवडतं, त्यामुळे त्याने ती सगळी हकिगत चहाच्या दोन कपांवर ऐकून घेतली. मग बायकोने मार्केटातून मेण आणलं आणि घरचं तूप घालून कढल्यात वितळवलं. शेजाऱ्याने एकच शंका काढली, यात मीठ नाही ना, मिठाने नळी गंजते. लोणी बिनमिठाचं होतं. मग ग्रँड, तो म्हणाला.

एरवी बायको मला रेंजवर सोडायची आणि गाडीत बसून ऑर्डरी घ्यायची. पायांना ब्रेक नीट जाणवत नाही म्हणून गाडी तीच चालवत होती. त्या रविवारी मात्र स्वतःचं तूप कुठे जातंय ते बघायला ती आत आली, कानाला मोठे हेडफोन लावून, माझ्या जुन्या जॅकेटात. भुरभुर पाऊस होता आणि पत्र्याखाली आम्ही तिघंच होतो.

पहिली गोळी शेजाऱ्याने स्वतः ठासून दाखवली. ती तळाच्या बारुदीवर टेकली तेव्हा गज जिथे नळीच्या तोंडाशी आला तिथे खूण करायची होती. पेन ओल्या गजावर उठेना. बायकोने पर्समधून नेलपॉलिश काढून तिथे लाल रेघ ओढली. शेजाऱ्याने मला बजावलं, ही रेघ दर वेळी नळीच्या तोंडाशी यायला हवी. रेघ वर दिसली तर गोळी मध्येच अडकलीय असं समज. गोळी आणि बारुदीमध्ये फट राहिली आणि तू चाप ओढलास, तर नळी फुटू शकते. हे मला दहा वर्षं माहीत होतं. पण मी रेघेवर कधी अवलंबून राहिलो नव्हतो. गोळी टेकली की गजातून हाताला कळतं.

मी बार काढला. जाड पांढरा धूर, खांद्याला धक्का, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्या शेजाऱ्याचा आवाज, की मधल्या वर्तुळात आहे. बायकोने टाळी वाजवली. पहिल्या बिनसॅबोच्या गोळीचं मला जे काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

दुसरी मी भरली. बारूद मापून ओतली, गोळीला तूप-मेण चोपडलं, ती तोंडाशी ठेवली आणि गज लावला. ती खरोखरच अलगद गेली. मला जोर करावाच लागला नाही. माझ्या मनात आलं, जमलं, आता कोणाची गरज नाही. गज थांबला. बसली, असं मी म्हणालोसुद्धा. गज बाहेर काढायला दुसरा हात लावला, काढला की केप लावायची.

"रेघ वर आहे," बायको म्हणाली.

मी बघितलं. लाल रेघ नळीच्या तोंडापासून चांगली वीतभर वर होती. पहिल्या बाराची काजळी आत साचली होती आणि गोळी त्यात रुतून बसली होती. काजळीवर अडकलेली गोळी आणि बारुदीवर टेकलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, एक चिकट, एक टणक. माझ्या हाताला दोन्ही सारखंच लागलं होतं. खरं म्हणजे काहीच लागलं नव्हतं. ती गाडीत बसून राहिली असती तर मी गज काढला असता, केप लावली असती, आणि दस्त्याला गाल टेकवून नेम धरला असता.

शेजारी दुर्बीण सोडून आला आणि त्याने मला हात न हलवता थांबायला सांगितलं. तोवर बायकोने तिचे दोन्ही हात माझ्या हातांवरून गजाला धरले होते. तिने वजन टाकलं. आत कुठेतरी करकरलं आणि गज खाली जायला लागला.

"जातेय," ती म्हणाली. "अजून जातेय. थांबली. आता खाली टेकली बघ."

रेघ तोंडाशी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीला हात लावलेल्या बाईला ते कळलं. शेजाऱ्याने रेघ बघितली, मान हलवली आणि मला केप लावू दिली. मी बार काढला. गोळी कुठे लागली ते मी विचारलं नाही.

मग तो माझ्यासमोर बाकावर बसला. हेडमास्तर असताना तो पोरांना असंच समोर बसवत असणार. यापुढे एकट्याने भरायची नाही, तो म्हणाला. आज नाही आणि बोटं परत येईपर्यंत कधीच नाही. नियमाचं काय, असं मी विचारलं. नियम पोरांनी शिकावं म्हणून आहे, तो म्हणाला, तू शिकलेला आहेस, तुला फक्त आणखी दोन हात पाहिजेत, ते कोणाचे ते तू ठरव, नाहीतर बंदूक डीलरकडे ठेव. एवढं बोलून तो टार्गेटचे कागद आणायला पावसात चालत गेला.

मी बाकावर बसलो आणि गज मांडीवर घेऊन लाल रेघेपासून वीत मोजत राहिलो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बायकोने विचारलं, काय होतंय, चक्कर येतेय का.

"भीती वाटली," मी म्हणालो.

"कधी?"

"मघाशी. रेघ दिसली तेव्हा."

डॉक्टरांनी कॅन्सर आहे सांगितलं तेव्हा तिने मला हेच विचारलं होतं, भीती वाटते का रे, आणि मी नाही म्हणालो होतो. ते खोटं नव्हतं. ऑपरेशनला नेतानाही वाटली नव्हती. गेल्या वर्षभरात मला वाटलेली पहिली गोष्ट ही होती, आणि ती इतकी मोठी होती की मला श्वास नीट घेता येत नव्हता. मी तिला म्हणालो, तू गाडीत असतीस तर...

"गाडीत नव्हते," ती म्हणाली. मग म्हणाली, रविवारच्या ऑर्डरी ती शनिवारीच उरकेल, तसंही इथे नेटवर्क धड येत नाही.

शेजारी कागद घेऊन परत येत होता. नळीत काजळी होती, ती पुसायला उठायला हवं होतं. उठण्यासाठी बाकावर टेकवलेल्या माझ्या हाताकडे मी बघितलं, कारण हल्ली टेकण्याआधी बघावं लागतं. माझ्या हातावर तिचा हात होता. तिने तो केव्हा ठेवला ते मला कळलं नव्हतं. तिच्या बोटाला तूप आणि काजळी लागली होती आणि अंगठ्यावर थोडं लाल नेलपॉलिश सांडलं होतं. नजर काढली असती तर हात आहे की नाही हे मला समजलं नसतं, म्हणून मी उठलो नाही आणि बघत राहिलो.