एका मुलीच्या दारात दोन डॉक्टर

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयात शिकवणं संपायचं आणि गिऱ्हाईक शोधणं सुरू व्हायचं. मी इतिहास शिकवायचो, तासिका तत्त्वावर. घेतले तेवढ्याच तासांचं मानधन, सुट्टीत काहीच नाही. त्या उन्हाळ्यात प्राचार्य बैठकीत म्हणाले, "पोरं आणा. तुकडी बंद पडली तर तुम्हीही बंद." पीएच.डी. झालेला मी माहितीपत्रकांची पिशवी मोटारसायकलला अडकवून गावोगाव हिंडू लागलो.

उमापुरात एका ऊसतोड कुटुंबाची मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती. त्यांच्या ओसरीवर माझ्याआधीच एकजण चहा पीत बसला होता. बघतो तर विद्यापीठातला माझा खोलीमित्र! एकाच मार्गदर्शकांकडे आम्ही संशोधन केलेलं. माझ्या प्रबंधातल्या चुका त्यानं जागून काढल्या होत्या. आता तो दुसऱ्या महाविद्यालयात होता, माझ्यासारखाच तासांवर.

"तू कावून आलास बे हितं?" त्यानं विचारलं.

"तू आलास त्याच कामाला."

मित्रानं माझी ओळख करून दिली, तसे मुलीचे वडील खूश झाले. "दोघंबी डॉक्टर हायत म्हणा की! बोला, काय काय देता?"

मी ग्रंथालयाचं सांगायला लागलो. मित्रानं मला मधेच तोडलं. "पुस्तकं आमी देऊ, गणवेश देऊ. अन् हजेरीची अट न्हाई. पोरीला खुशाल कारखान्यावर न्या. परीक्षेपुरती आली तरी लई झालं."

"पण मला रोज यायचंय, सर," मुलगी दारातून म्हणाली.

"आमी तोडीला गेल्यावर तू हितं कुणापाशी राहशील?" वडिलांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मुलींचं वसतिगृह नव्हतं. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मित्रानं तिची मूळ गुणपत्रिका मागून घेतली आणि पिशवीत टाकली, म्हणजे ती दुसरीकडं जायलाच नको.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण लाजेवर तास मिळत न्हाईत बे."

आमची तुकडी बंद पडली. मी बीडला पोलीस भरतीच्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. तिथं इतिहास म्हणजे चार पर्याय आणि एक खूण.

दिवाळीनंतर मांजरसुंब्याला ऊसतोड मजुरांचा ट्रक चहासाठी थांबला होता. त्यातून तीच मुलगी उतरली. मला ओळखून जवळ आली.

"सर, तुमच्यासंगं घरी आलते ते दुसरे सर आता आमच्या कॉलेजात न्हाईत म्हणं. त्यांनी यंदा कमी पोरं आणली. मग आमाला इतिहास कोण शिकवतं?"

"माहीत नाही गं," मी म्हणालो. वडिलांनी हाक मारली, ती ट्रकमध्ये चढली.

त्याच संध्याकाळी मी मित्राला फोन लावला. तो परळीत विम्याचं काम करत होता. ट्रकमधल्या मुलीचं मी सांगायला लागलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुझी स्वतःची काही पॉलिसी हाय का?"