तांबडीचा पाय

नवऱ्याला हे सांगितलं नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं पडतं—आणि ओळखत असलात तरी आता मला त्याचं काही वाटत नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी घोड्यावर बसत असे, ही माझी चूक नव्हे. कुणाला डोळे मोठे करायचे असतील तर खुशाल करावेत. काष्टा घट्ट खोचून, पदर कमरेला आवळून मी रत्नागिरीच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, घोडी उडवलेली आहे. त्या दुपारी आठवल्या की अजून बरं वाटतं. पश्चात्ताप वगैरे—मुळीच नाही.

घोडी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो कचेरीत कारकून होता. मामलेदार व्हायचं तर साहेबासमोर घोड्यावरून अडथळे ओलांडून दाखवावे लागत. आता कोकणात घोडं कुठलं यायला? बाबांनी घाटावरून एक तांबडी घोडी आणवली, आणि दादाने घराच्या वरच्या सड्यावर सराव मांडला—दोन आंब्याच्या पेट्यांवर आडवा बांबू, पुढे खणलेला चर. मोतद्दार ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून दाणावैरण, खरारा सगळं माझ्याकडे. सकाळी दादा शिके आणि मी बघे. दुपारी घर निजलं की मी शिके.

खरं सांगू? मी त्याच्यापेक्षा चांगली बसत असे. पण शिकून करणार काय होते? माझी शाळा चौथीत थांबवली होती, स्थळं बघणं चालू होतं, आणि जेवताना रोज एकच विषय—दादा मामलेदार होणार. मी वाढत असे आणि ऐकत असे.

सड्याच्या टोकाला आमच्या शेताचा गडगा होता, चिऱ्याचे तुकडे नुसते एकावर एक रचलेला. दादा त्याच्या वाटेला कधी गेला नाही. परीक्षेत तेवढं उंच काही नसे. म्हणूनच मला तो हवा होता. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी तांबडीला त्याच्यावर घातलं.

पलीकडे भाजावळीसाठी कवळ पसरलेलं होतं—भाताची रोपं करायची जागा भाजण्यासाठी तोडून टाकलेल्या फांद्या आणि पाला. लहानपणी आम्ही भावंडं गडग्यावरून त्यात उड्या मारायचो, आणि खरचटण्यापलीकडे कधी काही झालं नाही. मला वाटलं, गादीच ती, घोडीलाही मऊ लागेल. आम्ही बसकण मारून पडायचो आणि घोडी पायांवर उतरते, हे साधं सुचलं नाही मला. तिचा पुढचा पाय फांद्यांत गेला आणि मुरगळला. ती खिंकाळली नाही. थरथरत उभी राहिली नुसती.

तिला हळूहळू खाली आणली, आंबेहळदीचा लेप घातला. आणि उजाडायच्या आत तो धुऊन टाकला, पिवळा डाग कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. चालताना ती बरी दिसत होती. दादाने विचारलं, "घोडी ठीक आहे ना गो?" मी म्हटलं, "हो तर."

भ्यायली असशील, असं तुम्ही म्हणाल. भ्यायले होतेच. पण तेवढंच असतं तर हे मी केव्हाच सांगून टाकलं असतं, नाही का?

परीक्षेच्या मैदानाला लागून मावशीचं घर. तिच्या ओटीवरून मी सगळं पाहिलं. तांबडीने बांबू ओलांडला. चराशी आली आणि एकदम थबकली. दादा तिच्या मानेवरून थेट चरात. साहेब हसला, मग जमलेले सगळेच हसले. दादाचा हात मोडला होता. आणि मला—हेच ते, इतकी वर्षं गिळलेलं—मला बरं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर. आधी मनात गुदगुल्या झाल्या.

परीक्षा पुन्हा देता आली असती. बाबांनी किती विनवलं. दादा म्हणाला, "घोडीला कशाला बोल लावता? मीच आयत्या वेळी भ्यालो नि लगाम खेचला. माझ्यात ते नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बोलायची वेळ तीच होती. मी पाट मांडले, पानं घेतली.

घोडी विकली. दादा कारकूनच राहिला. कुठे पुढे व्हायची वेळ आली की अजूनही हसत म्हणतो, "मी भित्रा माणूस," आणि लोकांना तो त्याचा विनय वाटतो. त्याची बायको तसं मानते, मुलंही मानतात.

हे छापलं गेलं तर तो वाचेल. वाचू दे. माझं तोंड पाहणार नाही म्हणाला, तर न पाहो. क्षमा मी मागत नाही. मागून काय करू? पण मी ओटीवर होते, आणि घोड्यावरच्या माणसाचे हात मला वाचता येत होते. चराशी आला तेव्हा दादाने लगाम खेचला नव्हता. लगाम सैल होता, नजर पलीकडे होती. तो भ्यालाच नव्हता.