रोज अर्धा आकडा वर

मावशीला राग आला की ती भांडी आपटत नाही. उलट अंगाला साखर लावल्यासारखी गोड होते. समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करते, त्याच्या सुनेचं बाळ कसं आहे विचारते, आणि मनातल्या मनात त्याच्यासाठी खड्डा खणायला घेते. खड्डा पुरेसा खोल झाल्याशिवाय तिला झोप लागत नाही. या एका बाबतीत बाई भारी कष्टाळू.

ती बाजा वाजवते. बाजा म्हणजे विजेवरचा कीबोर्ड. जुन्या पडद्याची खोळ स्वतः शिवून त्यात घालून नेते. एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, दुपारच्या जेवणाला, बारा ते तीन. बावीस वर्षं झाली. सोबत दोघं. एक ड्रमवाला, जो मावशीला अक्का म्हणतो. दुसरा गायक. मावशी त्याला तोंडावर 'सर' म्हणते आणि घरी 'हिरो'. तो तिला नुसतं 'बाई' म्हणतो.

जेवणाऱ्यांसमोर वाजवण्यात कौतुक कसलं आलंय! लोक हाडं चोखत असतात, गाणं पंख्यासारखं वर फिरत असतं. म्हणून मावशीनं आपली मजा आपणच शोधून काढली होती. लय हळूहळू वाढवत न्यायची आणि अख्ख्या हॉलचं चावणं वाढतं का बघायचं. वाढतं! वेटरांचे पायसुद्धा पळायला लागतात. कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारे रोज चमच्यानं ताल धरायचे, तोही चुकीचा. मावशी डाव्या हातानं दोन मात्रा सरकवून त्यांच्या चुकीवर जाऊन बसायची. म्हातारबुवांना वाटायचं, आज आपण बरोबर होतो. तेवढ्यावर मावशीची दुपार गोड व्हायची.

एका सकाळी ती मटार सोलत बसली होती. रेडिओवर हिरोची मुलाखत लागली. हिरोचं एकच गाणं थोडंफार चाललं होतं, त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "शब्द माझेच. आणि चाल म्हणाल तर एकदा तळ्याकाठी फिरत होतो, वारा सुटला होता, ती आपोआपच ओठांवर आली."

आता ती चाल मावशीची. तीसुद्धा तळ्याकाठी नाही, इस्त्री करताना आलेली. शर्टाच्या बाहीवर लांब हात, कॉलरवर तोकडे तोकडे, मग पाठीवर एकदम सपाट. त्या हाताबरोबर ती गुणगुणली आणि चाल झाली. तो शर्ट काकांचा होता. काका घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसलेले होते. भिंग न काढता म्हणाले होते, "परत म्हण बघू."

मुलाखत घेणाऱ्यानं पुढं विचारलं, "तुमच्या साथीला कोण असतं?"

"असतात एक बाई."

मावशीनं हातातली शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले. मग वाटीतले दाणे पुन्हा एक एक करून टरफलात भरायला लागली. काकांनी ते पाहिलं आणि हळूच रेडिओ बंद केला.

"उलट्या बाजूनं सोलतेयस," काका म्हणाले.

"एक बाई," मावशी म्हणाली. "बावीस वर्षं. एक बाई! भांडी घासायला ठेवतात तशी."

"जाऊन सांग ना त्याला सरळ."

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच, अगदी गोड आवाजात. हिरोच्या गाण्याला वीस वर्षं होणार होती, दोन महिन्यांनी रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये सोहळा ठरला होता. मावशी म्हणाली, "सर, त्या दिवशी चालीचं तेवढं सांगाल ना? माझं नाव?"

हिरो आरशात भांग पाडत होता. "अहो बाई, लोक गाणं ऐकायला येतात. चाल कुणाची, शिट्टी कुणाची, कोण विचारतं?"

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "सूनबाईंचं बाळ कसंय?"

घरी आल्यावर तिनं काकांना सांगितलं, "त्या रविवारी चारशे लोकांपुढं एकतर तो माझं नाव घेईल, नाहीतर त्याचा आवाज फाटेल. दोन्हीपैकी एक झाल्याशिवाय मी बाजा खोळीत घालणार नाही."

तिच्या बाज्याला एक बोटभर खिडकी आहे. तिच्यात आकडा दिसतो: बाजा किती उंच बोलायचा, त्याचा. सगळीकडे तो चारशे चाळीसवर असतो. त्याला हात लावायची गरजच पडत नाही कुणाला. मावशीनं लावला. पहिल्या दिवशी साडेचारशे चाळीस नव्हे हो, चारशे साडेचाळीस! अर्धा आकडा. हे देवालासुद्धा कळणार नाही. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. बाजा बंद केला की आकडा पुन्हा चाळीसवर यायचा, म्हणून ती तो डोक्यात ठेवायची. बसमध्ये बसून पुटपुटायची, "साडेसेहेचाळीस, साडेसेहेचाळीस." कंडक्टर म्हणाला, "आजी, ही गाडी तिकडे जात नाही."

लोकांना पहाटे फिरून बरं वाटतं, कुणाला फुलझाडांना पाणी घालून. मावशीला अर्धा आकडा वर सरकवला की बरं वाटायचं. तिचा रंग उजळला त्या दोन महिन्यांत. जेवण वाढलं.

पंधरवड्यानं हिरो खाकरायला लागला. महिन्यानं त्याची मान ताणायला लागली. एक दिवस गाणं अर्ध्यात थांबवून तो बाज्यावर वाकला. "बाई, काळी एकच धरलीय ना?"

"बघा की, बोट कुठाय."

बोट काळी एकवरच होतं. पट्टी तीच; तिच्या पोटातला आवाज तेवढा वर चढला होता. हिरोनं बोटाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला.

"वय झालं की काय माझं?"

"छे हो सर," मावशी म्हणाली. "हवा बदललीय."

ड्रमवाल्याच्या मात्र ध्यानात आलं. कानामुळं नाही, त्याचा कान दगडाचा. त्यानं मावशीचं हसू पाहिलं. जिन्यात गाठून म्हणाला, "अक्का, काय चाललंय? माणूस रोज लाल होतोय."

"तू ठोकायचं काम कर."

"मेला बिला तर?"

"माझं नाव घेऊन मग मरू दे."

हिरो घशाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं सिगारेट सोडायला लावली, थंड पाणी बंद केलं, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वर तासभर 'आ' लावायचा. घाबरलेला माणूस सगळं करतो. हिरोनं सिगारेटी खिडकीतून फेकल्या. पहाटे उठून शेजाऱ्यांच्या शिव्या खात 'आ' लावायला लागला. मावशी हे सगळं काकांना मिटक्या मारत सांगायची.

काका भिंगातून म्हणाले, "त्याचा गळा मारतेयस की घडवतेयस?"

मावशीनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिथंच तिची चूक झाली.

रविवार उजाडला. हॉल गच्च. दारात हिरोचा माणसाएवढा फोटो. छापील पत्रिकेत हिरोचं नाव सोनेरी अक्षरात, खाली बारीक अक्षरात 'साथ: वाद्यवृंद'. वाद्यवृंद म्हणजे मावशी आणि ड्रमवाला. आकडा चारशे सहासष्टवर, म्हणजे पुरता अर्धा सूर वर. हिरो शेवटी ते गाणं गायला उभा राहिला. मावशी त्या उंच जागेची वाट बघत होती. दर वेळी तिथं त्याच्या मानेची शीर फुगायची. आज फाटणार, चारशे माणसांत, टरकन.

हिरोनं मान वर केली आणि ती जागा घेतली. सहज. लोण्यातून सुरी गेल्यासारखी. बिनसिगारेटीचा, दोन महिने घासलेला, कोरा करकरीत आवाज. बावीस वर्षांत तो इतका चांगला कधी गायला नव्हता. हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

ड्रमवाला काठीआडून म्हणाला, "अक्का, अभिनंदन. शिष्य तयार झाला तुमचा."

मावशीचे कान तापले. आपणच हाल करून त्याला मोठं केलं! आणि हिरो माइकवर छातीवर हात ठेवून सांगत होता, "त्या तळ्याकाठच्या वाऱ्याचे उपकार!"

"वन्स मोअर!" हॉल ओरडला.

"वन्स मोअर, बाई," हिरो ऐटीत म्हणाला.

"घ्या ना सर," मावशी म्हणाली.

तिनं सुरुवातीचा तुकडा वाजवला. हिरोनं श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात मावशीनं तुकडा पुन्हा सुरू केला. बाज्यावर आणखी एक बटण असतं, एकदा दाबलं की सगळा बाजा अर्धा सूर वर. या वेळी लपवाछपवी नाही, सरळ दाबलं. हिरोनं तोंड मिटलं. लोकांना गंमत वाटली. तिसऱ्यांदा तुकडा, पुन्हा तेच बटण. आता हिरोनं बाज्याकडे पाहिलं. मग मावशीच्या बोटाकडे. मग गेले दोन महिने त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले असावेत, कारण त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

तो माइकपासून बाजूला वाकला. हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाला, "बाई, खाली आणा."

"चाल कुणाची?" मावशी तुकडा वाजवत म्हणाली.

"नंतर बोलू."

मावशीनं बटण दाबलं. लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले होते. एवढ्या उंचीवर हिरोच काय, कुणी बोकडसुद्धा ओरडला नसता.

"अहो, फाटेल माझा आवाज!"

"फाटू दे की. वाऱ्याला सांगा शिवायला."

पुन्हा बोट बटणाकडे निघालं. हिरोनं माइक धरला. "मंडळी," तो म्हणाला, आणि घाम पुसला. "एक सांगायचं राहिलं. ही चाल माझी नाही. यांची आहे." आणि त्यानं मावशीचं नाव घेतलं, आडनावासकट, स्पष्ट. चारशे लोकांनी माना वळवून बाज्याकडे पाहिलं. दुसऱ्या रांगेत काका एकटेच उभे राहिले आणि कुणाला कळेना हे का उभे राहिले.

मावशी उठली नाही, हात जोडले नाहीत. वाकून सगळं मूळ जागेवर आणलं. चारशे चाळीस, काळी एक. "हं, म्हणा आता सर. अगदी तुम्हाला सोपं पडेल असं."

हिरो गायला. बरोबर गायला, एक सूर चुकला नाही. पण कानांना उंचीची चटक लागलेली. त्या मानानं हे गाणं ओल्या सतरंजीसारखं पडलं. अर्ध्यात मागच्या रांगा जेवणाकडे सरकल्या. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या त्या ताटांच्या आवाजात विरून गेल्या. तिला नाव मिळालं होतं, तेवढ्यावर ती थांबू शकली असती. पण ती मावशी होती.

सोमवारी हिरो अर्धा तास आधी आला. चष्मा लावून बाज्याच्या खिडकीतला आकडा वाचला. चारशे चाळीस. बोट ठेवून पुन्हा वाचला. मग गायला उभा राहिला, पण नजर माइककडे नाहीच, मावशीच्या उजव्या हाताकडे. उंच जागा आली. मावशीनं हात पट्ट्यांवरून उचलला, बटणाच्या दिशेनं नेला, आणि तसाच पुढं नेऊन नाक खाजवलं. हिरो शब्द विसरला.

"अक्का, पुरे की आता," ड्रमवाला म्हणाला. "वाळला बिचारा."

"मी काय केलं? माणसानं नाक खाजवू नये?"

मंगळवारी खाजवलं. बुधवारीही खाजवलं. गुरुवारी मुद्दाम खाजवलं नाही, तर हिरो वाट बघून बघूनच चुकला. त्या दिवशी मावशीनं घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.