वहिनींनी सोडलेलं खोबरं

सुनंदा, ये, अशी जवळ बस. तू पुण्यात असलीस तरी मी तुला समोर धरूनच लिहितेय. दिवाळीत नारायणगावापर्यंत आलीस आणि तिथूनच माघारी फिरलीस. मावशीच्या निमगाव सावाचा रस्ता काय वाहून गेला होता? बरं, ते मी पोटात घातलं. पण परवा फोनवर जे बोललीस ते काही पोटात जाईना. तुमच्याकडं निवडणुकीची धामधूम चाललीय, त्यावर तू म्हणालीस, "बाई निवडून आली काय आणि न आली काय मावशी, सगळ्या नवऱ्याच्या हातातले शिक्के." असं सरसकट बोलू नये बाळ. मी एक नगरसेविका जवळून पाहिलीय. तिच्याविषयी सांगते ते नीट ऐक.

तिला सगळा गाव नारळवहिनी म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत वहिनी जेवायला बसल्या की बायका आधी त्यांच्या ताटाकडं बघत. त्यांनी खोबऱ्याची चटणी वाढून घेतली तर सगळं ठीक. वाढणाऱ्याला हातानं थांबवलं की बायका एकमेकींच्या कानाला लागत, "कुठलं काम राह्यलंय गं?" शहराचा कारभार कसा चाललाय हे आम्हाला पेपरात कळत नसे, वहिनींच्या ताटात कळायचं.

आपल्या भागातल्या त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी तिथं आठवड्याच्या बाजाराला मेथी-कोथिंबीर घेऊन बसते, एवढं तुला पुरे. तिथल्या नगरपालिकेत एक जागा बायकांना राखीव झाली. अण्णांना, म्हणजे वहिनींच्या मालकांना, उभं राहता येईना, म्हणून वहिनींना उभं केलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. निवडून आल्यावर पहिलाच कार्यक्रम कुंभारआळीच्या गटाराच्या भूमिपूजनाचा. पुढाऱ्यांनी वहिनींच्या हातात नारळ दिला, त्यांनी फोडला, फोटो निघाले, सगळे गाडीत बसायला लागले. वहिनी तिथंच उभ्या. त्यांनी विचारलं, खोदायला माणसं कधी येणार? लोक हसले. बाजारात आम्ही म्हणतोच की, नारळ फुटला, पुढारी सुटला.

वहिनी त्या नारळाची अर्धी वाटी पदरात बांधून घरी घेऊन गेल्या. अण्णांना म्हणाल्या, "माझी आई देवाला नारळ फोडून नवस बोलली, की फेडीस्तोवर त्यातलं खोबरं तोंडात घालत नसे. नारळ म्हंजी जबान. माझ्या हातनं फुटलाय, तवा गटार व्हईपर्यंत मी खोबरं खाणार न्हाई." अण्णा हसून म्हणाले, मग तुझी आमटी वेगळी कर. तुला ठाऊक आहे, आपल्याकडं मसाला म्हणजे भाजलेलं खोबरंच. वहिनींनी खरोखर आपली आमटी वेगळी केली. घरातल्या सगळ्यांची चुलीवर उकळायची आणि वहिनींची नुसत्या मिरचीची पाणचट आमटी बाजूला.

पुढं हातनं फुटलेल्या प्रत्येक नारळाला त्यांनी हाच नेम धरला, आणि गंमत अशी की त्याचा गुण आला. आधी लोकांनी टिंगल केली, मग सवय झाली, मग त्याची लाज वाटायला लागली. एका ठेकेदाराच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याचा एक रस्ता वर्षभर उकरून पडलेला होता. त्यानं लग्नाआधी रातोरात नव्हे, चांगले चार दिवस माणसं लावून रस्ता पुरा केला. का, तर म्हणे मांडवात वहिनींनी ताट बाजूला सारलं तर व्याह्यांपुढं काय तोंड दाखवू. रस्ता झाल्यावर वहिनी त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आता जेवाया येते."

पुढं पुढारी शहाणे झाले. वहिनींच्या हातात नारळ देणंच त्यांनी बंद केलं. पण बायकांच्या मुतारीच्या वेळी तो द्यावाच लागला, कारण ते काम वहिनींनीच भांडून मंजूर करून घेतलं होतं.

ते काम काय होतं हे तुला मी सांगायला हवं. बाजारतळावर आम्ही बायका दिवस उजाडताना पथारी टाकतो आणि अंधार पडताना उठतो. पुरुष कुठंही आडोसा शोधतात. आम्ही पाणी पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा तांब्या शेजारी असतो तो भाजीवर शिंपडायला. बोरी बुद्रुकची एक लेकुरवाळी आमच्यात बसायची. ती एकदा भोवळ येऊन वांग्यांच्या पाटीवर पडली. डॉक्टर म्हणाले, पाणीच नाही अंगात. वहिनी तिथं बाजाराला आल्या होत्या. त्या पोरीच्या तोंडाला तांब्या लावला तर तिनं मान फिरवली. म्हणाली, आता नको, अजून घरी जायला लई येळ हाय. त्या दिवसापासून वहिनींनी मुतारीचा हट्ट धरला.

आणि ठेका कुणाला मिळाला? वहिनींच्या सख्ख्या पाठच्या भावाला, भीमाला. त्यांचं माहेर महाळुंगे पडवळ. आई लवकर गेली तेव्हा या भीमाला वहिनींनीच कडेवर वाढवलेलं. भावाच्या हातून नारळ घेताना त्या किती खुश होत्या, मी स्वतः पाहिलंय. मला म्हणाल्या, "आक्का, आता काळजी न्हाई. घरचाच माणूस हाय."

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. त्या जागेवर नारळ फोडला तो दगड तेवढा राहिला, त्याला लावलेलं कुंकू पण धुऊन गेलं. बिल मात्र निघालं होतं. भाऊबीजेला भीमा साडी घेऊन आला. वहिनींनी ओवाळलं, आणि साडीचं ताट तसंच मागं सरकवलं. "मुतारी बांध, मग नेसते." भीमा म्हणाला, ताई, वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा वाटा गेलाय, मी एकटा काय करू? वहिनी म्हणाल्या, "तुझ्या वाट्याला बहीण आलीया. तिचं काय ते बघ." भीमा जेवण न करता उठला. त्यानंतर वहिनींना माहेर राहिलं नाही. भावजय रस्त्यात दिसली तरी मान वळवायची.

याच्यावर कडी म्हणजे, पुढच्या सभेत त्याच मुतारीच्या दुरुस्तीचा खर्च मंजुरीला आला. दुरुस्तीचा, सुनंदा. न बांधलेल्या भिंतींना रंग, न बसवलेल्या दारांना कड्या. वहिनी उभ्या राहिल्या. बोलण्यात त्या काही हुशार नव्हत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "जे बांधलंच न्हाई ते मोडलं कसं?" सभागृहात हसण्याची लाट आली म्हणतात. मग हात वर झाले आणि विषय मंजूर. एका सभासदानं टोमणा मारला की वहिनी, भावाच्या ताटात माती कालवता होय? त्या खाली बसल्या. घरी आल्यावर अण्णाही दोन दिवस बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला तिकीट मिळणार नव्हतंच. वहिनी बाजाराला येत राहिल्या, माझ्या शेजारी पोत्यावर बसून जुड्या बांधायला मदत करत. कुणी खिजवलं की वहिनी, आता तर तुमी नगरसेविका न्हाई, खा की खोबरं, तर म्हणायच्या, "खुर्ची त्यांची होती, ती त्यांनी नेली. नारळ माझ्या हातनं फुटलाय."

मागच्या साली वहिनींना तापाचं निमित्त झालं. पुण्याला नेलं आणि तिकडून आणलं ते असंच आणलं. बाजाराचा दिवस होता. आम्ही बायका भाज्या तशाच पोत्याखाली झाकून गेलो. सवाष्ण बाई गेली, ओटी भरायची होती. पुढारी हार घेऊन एका रांगेत उभे. तेवढ्यात भीमा आला, माहेरची हिरवी साडी आणि नारळ घेऊन. माझ्या कपाळी कुंकू नाही, म्हणून मी मागं उभी होते. पण बोलायला काही कुंकू लागत नाही. मी म्हटलं, "साडी घाल भीमा. माहेरची हाय, तिच्या हक्काची हाय. नारळ ऱ्हाऊ दे."

तो रडवेला झाला. "आक्का, बहिणीला रित्या ओटीनं धाडू?"

"तांदूळ घाल, हळकुंड घाल, खारीक घाल. नारळ तिनं सोडलाय. कशापायी ते तुला ठावं हाय."

हार घेतलेल्या माणसांनी जमिनीकडं बघितलं. शेवटी अण्णाच बोलले, "आक्का म्हणत्यात तसंच करा. तिच्या मनासारखं एवढं तरी होऊ द्या." भीमा नारळ पोटाशी धरून उभा राहिला आणि त्याची बहीण नारळावाचून गेली.

तेराव्यानंतर तो निमगावला माझ्या दारात आला. नारळ उंबऱ्यावर ठेवला, म्हणाला, "मला घरात ठेववत न्हाई." तेव्हापासून तो माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे. आतलं पाणी आटलंय, हलवला की गोटा खुळखुळतो. आणि या उन्हाळ्यात बाजारतळावर भिंती उभ्या राहिल्या. भीमा पदरच्या पैशानं बांधतोय म्हणतात. मी त्याला तोंडावर सांगितलं, तू बांधलंस ते बरं केलंस, पण जे पैसे गेले ते गेलेच, आणि ज्यांनी वाटे घेतले ते अजून खुर्चीवर आहेत. तो खाली मान घालून विटांवर पाणी मारत राहिला.

आता फक्त दारं बसायची राहिलीत. दारं बसली की तो नारळ आम्ही बायका तिथं फोडणार. पुढारी नको, फोटो नको. बोरीची ती पोर फोडणार आहे. पहिला तुकडा वहिनींच्या नावानं बाजूला ठेवायचा असं ठरलंय.

तर सुनंदा, आता कारणं सांगू नकोस. लवकर ये, आणि बाजाराच्या दिवशीच ये. माझ्या शेजारी पोत्यावर बस, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आणि तहान लागली की तांब्या उचल अन् पोटभर पाणी पी.