कितीदा चुकलात?

माझे बाबा मिठागराचे मुकादम. वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "परवा." परवा मीठ धरलेलं असायचं. व्यापारी त्यांच्या शब्दावर कळंबोलीहून ट्रक मागवायचे. त्यामुळे आमच्या घरात जाणत्याच्या शब्दाला फार मान, आणि त्याचा फटका नेमका मला बसला.

२०१२च्या सुमाराची गोष्ट. खारघरच्या कॉलेजातून मी इंजिनियर झाले होते. हातात नोकरीचं पत्र होतं आणि मला ते सोडून बंगळूरला संशोधनाला जायचं होतं. माणसापेक्षा हुशार यंत्र बनवायचं, असं मी जेवताना सांगितलं. आईची भाकरी तव्यावरच करपली. बाबा म्हणाले, "असा यंत्र व्हनार हाय, असा एक जानता मानूस बोलला तर जा. नायतर नोकरी."

त्याच आठवड्यात कॉलेजात दोन विद्वानांची व्याख्यानं होती. मी बाबांना ओढत नेलं. पहिले म्हणाले, वीस वर्षांत नक्की. मी हुरळून बाबांकडे पाहिलं. दुसरे म्हणाले, त्रिकालात शक्य नाही. दोघांच्या पदव्या सारख्याच लांबलचक, आवाजही सारखाच ठाम. माझा जीव टांगणीला लागला.

प्रश्न विचारायची वेळ आली आणि बाबा उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सायेब, असा सांगून तुमी आदी कितीदा चुकलात?"

पहिले हसले. "काका, असं यंत्र अजून झालंच नाही. चुकणार कसं?"

"मंग बरोबर तरी कसा येनार?" म्हणून बाबा खाली बसले. सभागृहात हशा पिकला, पण दुसऱ्यांनी तो प्रश्न वहीत टिपून घेतला.

तिथून आम्ही जवळच आत्याकडे गेलो. तिथल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, इमारती उभ्या राहणार नाहीत, गाळात बुडतील, असं बाबांनी एकेकाळी गावभर सांगितलं होतं. आत्याने न ऐकता सातव्या मजल्यावर घर घेतलं. तेव्हापासून बाबा तिच्याकडे गेले की बसण्याआधी फरशीवर पाय आपटून बघतात. त्या दिवशीही आपटला.

"मिठात मी शंभरदा चुकलो, तवा जीभ तयार झाली," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "बिल्डिंगीचा पयल्यांदाच बोललो, त्योबी मिठाच्याच तोऱ्यात."

"म्हणजे मी नोकरीच धरू?" माझे डोळे भरून आले होते.

"जे कोनालाच म्हाईत नाय, तिथं कोनीतरी जाऊन चुकाया नको? जा तू."

आत्यादेखत मी त्यांना मिठी मारली. बशीतला चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. इतका आनंद मला पुढे पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

बंगळूरला माझे प्रयोग एकामागून एक फसत गेले. दर रविवारी मी फोन करायची आणि बाबा उत्साहाने विचारायचे, "शंभर झाले का?"

"नाही हो, बाबा."

"मंग येवढ्यात कोनाला काय सांगू नको."