जशूबेनचं माप

मशीनवर बसली की जशूबेन आधी कोपर दुमडून टेबलाशी धरायची. कोपर आणि टेबल एका रेषेत आले की मगच पॅडलवर पाय ठेवायची. तलासरीतल्या तिच्या दुकानात मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, काय नखरे बाईचे! रोजचंच टेबल, रोजचंच कोपर, त्यात बघायचं काय?

माझं शिवणाचं दुकान तिच्याआधीचं, शिवाय एसटी स्टँडवरून येताना आधी लागणारं. तरी बायका माझ्या दारावरून पुढे तिच्याकडे जायच्या. जळायचे मी, खोटं कशाला बोलू? दिवसभर ब्लाउज शिवून ती ताठ उठायची आणि माझा उजवा खांदा दुपारीच भरून यायचा. तिच्या मशीनला डावीकडून उजेड, कापायचं टेबल कमरेइतकं उंच. मी आपली जमिनीवर ओणवी होऊन कापायचे. "कापड वर घे ना बेन, तू कशाला खाली जाते?" ती म्हणायची. मला तो टोमणाच वाटायचा.

पुढे खांदा इतका धरला की डॉक्टर म्हणाले, शिवण सोडा. सोडून खाऊ काय? एकदा जशूबेन चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मी गळ्यातली टेप काढून तिच्या स्टुलाची आणि टेबलांची उंची मापली. सुताराकडून सगळं तस्संच करून घेतलं. पंधरा दिवसांत खांद्याच्या जोडीला कंबरही गेली!

हूक मागायला म्हणून ती आली आणि माझे लोंबकळणारे पाय बघून हसतच सुटली. "अगं कुसुम, हे तर माझं माप! माझा ब्लाउज तुला बसेल काय?" मी तिच्या खांद्याला जेमतेम लागायचे. "अख्ख्या तालुक्याची मापं घेते, स्वतःचं कधी घेतलं?"

लाजेनं मला तोंड वर करवेना. तिनं मला बसवलं, तळपायापासून गुडघ्यापर्यंत आणि बैठकीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, खडूनं खुणा केल्या आणि सुताराला बोलावून स्टुलाचे, टेबलांचे पाय कापायला लावले. मशीन खिडकीशी फिरवलं. हळूहळू खांदा मोकळा झाला. शिवण वाचलं.

आणि मी काय करावं? कुणी विचारलं की सांगायचे, "मीच डोकं लावलं." एकदा गिऱ्हाइकाला हे ऐकवत होते आणि दारात जशूबेन उभी. ती गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "हो तर. मला पण हिनंच शिकवलं."

गेल्या वर्षी जशूबेन वारली. तिच्याकडे जाणाऱ्या बायका आता माझ्याकडे येतात. टेबलाचं विचारलं की मी तिचं नाव सांगते. पण तिच्या जागी मी असते, तर त्या दिवशी तसं बोलले असते का? नसते. त्याचाच हेवा वाटतो अजून.